मधली चार सेकंदं

४ जानेवारी

धाकट्या, तुला ताईचे खूप आशीर्वाद.

महिन्याचं पत्र महिना संपायच्या आत आलं म्हणून घाबरू नकोस. इथे सगळं आहे तसंच आहे. फक्त एक गोष्ट घडली, आणि ती तुझ्यामुळे घडली, म्हणून लिहायला बसले. फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या दुकानात उभं राहून चार गिऱ्हाइकांच्या कानांदेखत बोलावं लागतं, आणि ही गोष्ट तशी बोलण्यातली नव्हे.

झटका आल्यापासून चार महिने ह्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं, हे तू येऊन पाहून गेलासच. डॉक्टरांचं म्हणणं, ऐकू येतंय, कळतंही बरंचसं, पण मनापासून जिभेपर्यंतची वाट मोडली आहे, ती जुळेल की नाही सांगता येत नाही. पाणी मात्र कमी पडू देऊ नका म्हणाले. म्हणून मी सकाळी सातपासून दर दोन तासांनी गजर लावते. गजर झाला की पेला ओठाला लावायचा. निम्मं आत, निम्मं टॉवेलवर.

गेल्या सोमवारी संध्याकाळी बातम्यांच्या आधी तुझी ती पाणी शुद्ध करायच्या यंत्राची जाहिरात लागली. मी बटणं लावत बसले होते. मला ती आता पाठच आहे. कुलूप उघडतं, पुरुषाचे बूट दिसतात, पिशवी खाली टेकते. आतून बाई विचारते, "आलात का? पाणी देऊ?" मग कोणी बोलत नाही, नुसता पेला भरल्याचा आवाज. तर त्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "दे."

मला वाटलं जाहिरात बदलली. वळून बघते तर हे टीव्हीकडे बघतायत आणि ओठ अजून उघडे आहेत.

हातातला सुयांचा डबा पडला. सुया नंतर वेचल्या, आधी पाणी आणलं. अख्खा पेला प्यायले, टॉवेल कोरडा. मग देवापुढे दिवा लावला.

मंगळवारी पुन्हा तसंच. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारीही. मी घड्याळापेक्षा देवाची नामं मोजते हे तुला ठाऊक आहे, लहानपणी तुझं दूध निवायला दोनशे लागायची. तिचा प्रश्न संपल्यावर माझी तीन नामं होतात आणि चौथ्याला ह्यांचं "दे" येतं. चुकत नाही.

तेवढाच एक शब्द, आणि तेवढ्याच वेळी. बाकी दिवसभर भिंत. पण एक वाट उघडली म्हणजे दुसरी उघडेल असं डॉक्टरही म्हणाले.

ती बाई कोण रे? तक्रार नाही माझी. चार महिने मी समोर बसून बोलत्येय आणि हे बोलले ते तिच्याशी, याचं मला काही नाही. फक्त विचारलं.

तुझी
ताई

---

१३ जानेवारी

ताई, पाया पडतो.

पत्र एडिटिंगच्या खोलीत वाचलं आणि बाहेर जाऊन बराच वेळ जिन्यात बसून राहिलो. माझा असिस्टंट येऊन विचारून गेला, कोणी गेलं का म्हणून. म्हटलं, नाही रे, कोणीतरी आलं.

भावोजी बोलले. एका शब्दानं का होईना. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं, तुम्ही ज्याला अर्ध्या मिनिटाचा धंदा म्हणत होतात त्यानं काय केलं ते बघा.

तिच्या प्रश्नानंतर कोणी बोलत नाही त्या चार सेकंदांची गंमत सांगतो. जाहिरात तीस सेकंदांची असते. त्यात कंपनीला आपलं नाव तीनदा हवं असतं, यंत्र दोनदा हवं असतं आणि उरलेल्यात माणसं आनंदी दिसायला हवी असतात. मी चार सेकंदं कोणी बोलणार नाही म्हटल्यावर कंपनीचे साहेब म्हणाले, "एवढ्या जागेत आमचं टाकीचं माप सांगून होईल." मी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, तिनं विचारलंय, आता उत्तर बघणाऱ्यानं मनात द्यायचं, त्याला तेवढी उसंत द्या. दोन तास भांडलो. शेवटी त्यांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून जिंकलो.

शूटिंगला तू असतीस तर हसली असतीस. पाणी कॅमेऱ्यात पाण्यासारखं दिसतच नाही, मळकट दिसतं. म्हणून पेल्याच्या मागे चंदेरी कागद पेल्याच्याच आकाराचा कापून लावला. पेल्यावरचे थेंब ग्लिसरीनचे, कारण खरे थेंब दिव्यांच्या उष्णतेनं घसरतात. यंत्राला जोडलेली नळी टेबलाखाली गेली होती आणि तिथे एक धिप्पाड माणूस बादली पोटावर घेऊन आडवा पडला होता. सव्वीस पेले भरले तेव्हा एक पसंत पडला.

त्या बाईबद्दल विचारलंस. कामाला चोख आहे, मनगट छान आहे, पेला धरताना हात कापत नाही. सांगण्यासारखं आणखी काही नाही.

भावोजींना माझा नमस्कार सांग. कानात सांग, गजरासारखा नको.

तुझा
धाकटा

---

२४ जानेवारी

धाकट्या, आशीर्वाद.

पंचवीस पेल्यांतल्या पाण्याचं काय केलंत? झाडांना तरी घातलंत का? आणि यंत्रातलं पाणी यंत्रातलं नव्हतंच, बादलीतलं होतं, हे वाचून मी कपाळावर हात मारला. थेंब खोटे, चकाकी खोटी, घरही पुठ्ठ्याचंच असेल. तुझ्या धंद्यात खरं काय असतं तेवढं एकदा मला लिहून कळव.

ह्यांचं रोजचं "दे" चालू आहे. एकदा वीज गेली तेव्हा तेवढं चुकलं, आणि त्या दिवशी मी जेवले नाही. आपण कशाला टेकलो आहोत ते असं कळतं.

शेजारच्या शिवणवालीला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती जाहिरात संपेपर्यंत माझ्याच तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "अहो, ही बया तर तुमच्यासारखीच बोलते." मी म्हटलं, पुरे तुझं, चहा हवा असेल तर सरळ माग. तिला सवयच आहे गोड बोलायची. कुठे तो रेशमी आवाज आणि कुठे मी. माझी हाक ऐकून दूधवाला दोन पायऱ्या मागे सरतो.

आता मनातलं सांगते, हसू नकोस. गुरुवारी मी जाहिरातीच्या वेळेला पेला भरून टीव्हीच्या बाजूलाच जाऊन उभी राहिले, म्हटलं, निदान बघताना मी दिसेन. तिनं विचारलं. ह्यांनी माझ्याकडे न बघता टीव्हीकडेच बघत "दे" म्हटलं. पेला मी दिला, प्यायले. पण नजर तिथेच. सव्वीस वर्षांचा संसार आहे आमचा. मला तेव्हा त्या मेलीचा राग आला. नंतर दिवा लावताना देवाची आणि तिचीही मनात माफी मागितली.

तर माझं एक काम कर. राग बाजूला ठेवून मागत्येय. त्या बाईला विनंती कर आणि तिच्या आवाजात ही दहा वाक्यं कॅसेटवर भरून पाठव. टेपरेकॉर्डर शिवणवालीकडे आहे.

औषध घ्या. तोंड उघडा. गिळा. हात वर करा. कुशीवर वळा. पाय हलवा. माझ्याकडे बघा. रडू नका. झोपा. उठा.

तिचं ऐकतील. माझं ऐकत नाहीत.

तुझी
ताई

---

६ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

घाईत लिहितोय. कॅसेट सोबत आहे. बाई भली आहे, लगेच हो म्हणाली, स्टुडिओत येऊन दहाही वाक्यं बोलली.

एक वाईट बातमी आहे आणि ती तुला परक्याकडून कळायला नको. ही जाहिरात या महिन्याच्या अखेरीस बंद होतेय. कंपनीनं नवं यंत्र काढलंय, त्याची जाहिरात एक मार्चपासून. तीही मीच करतोय. वीस सेकंदांची आहे, सहा माणसं उड्या मारत गातात. मी साहेबांना जुनी आणखी काही दिवस चालवा म्हणून सांगून पाहिलं. कारण विचारलं त्यांनी. भावोजींचं आजारपण त्यांच्या टेबलावर मांडावंसं वाटेना.

पाणी झाडांना घातलं होतं. खरंच.

तुझा
धाकटा

---

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

कॅसेट मिळाली. शिवणवालीचा टेपरेकॉर्डर आणून ह्यांच्या उशाशी लावला. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी ह्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी डावा हात, जो चालतो तो, उशीवर आपटला. तेव्हा मी बंद केलं.

आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर तिनं विचारलं तर चौथ्या नामाला, "दे."

मी अडाणी असेन, बहिरी नाही. कॅसेटवर बोलते ती बाई वेगळी आणि जाहिरातीत बोलते ती वेगळी. आधी वाटलं घसा बसला असेल बिचारीचा. पण घसा बसला तरी माणसाची ढब बसत नाही. ही शब्द एकेक करून ताटात वाढते. ती हातातलं काम न सोडता बोलते.

तू लहानपणी काही लपवलंस की पत्र्याच्या पेटीवर जाऊन बसायचास, आणि मी न उघडताच ओळखायचे. तुझं मागचं पत्र तसं आहे. पेटीवर बसून लिहिलेलं.

बारा दिवस राहिलेत जाहिरातीचे. ज्या बाईचा आवाज आहे तिचा पत्ता दे. मी स्वतः तिला लिहीन, पाया पडेन. माझा मान मधे आणू नकोस. ह्यांचा एक शब्द आहे, तो जाऊ द्यायचा नाही.

ताई

---

२१ फेब्रुवारी

ताई,

पेटीवरून उठतो.

पडद्यावर दिसते ती बाई फक्त दिसते. आमच्याकडे चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा हे रोजचं आहे. तिचा आवाज जाहिरातीत नाहीच. तू तिच्याकडून वाक्यं मागितलीस तेव्हाच हे लिहायला हवं होतं. धीर झाला नाही. वाटलं, भावोजींना फरक कळणार नाही. मी दिवसभर आवाज कापतो-जोडतो आणि मला वाटलं त्यांना कळणार नाही.

गेल्या वर्षी मी तुमच्याकडे आठ दिवस राहिलो होतो. माझ्याकडे तेव्हा छोटं रेकॉर्डर असायचं, कुलपाचे, नळाचे, पावलांचे आवाज जमवायचो. जाहिरातीत लागतात. एका संध्याकाळी भावोजी कामावरून यायच्या वेळेला ते मी तुमच्या बुटांच्या फळीवर ठेवलं. मला फक्त कुलूप आणि बूट हवे होते. कुलूप वाजलं. पिशवी टेकली. आणि आतून तू बोललीस.

"आलात का? पाणी देऊ?"

तो आवाज तुझा आहे, ताई.

आम्ही जाहिरात बांधताना आधी कच्चा आवाज लावतो, वेळ बसते का बघायला. नंतर तो काढून कलावंताचा आवाज घालतात. मी तुझा कच्चा म्हणून लावला. मग तीन जणींचे आवाज घेऊन पाहिले. तिघीही गोड. पण तिघींनाही उत्तर नकोच होतं, त्या नुसतं छान विचारत होत्या. साहेब म्हणाले, पहिलीच ठेवा, कोण आहे ती? मी म्हटलं, आहे एक ओळखीची.

तुला न विचारता घरातली वस्तू बाहेर नेली. सांगणार होतो. जाहिरात लागली त्याच महिन्यात भावोजी पडले आणि मग कुठल्या तोंडानं सांगणार होतो? तुला ओळखू आला नाही याचं नवल करू नकोस. आपला आवाज आपण आतून ऐकतो, बाहेरून तो कोणालाच आपला वाटत नाही. शिवणवालीनं बरोबर ओळखलं होतं.

आणखी एक आहे. ती चार सेकंदं मी शोधून काढली नाहीत. मूळ टेपवर ती आहेत. तू विचारलंस, भावोजी बूट काढत होते, एकाची नाडी अडकली होती, तेवढा वेळ गेला. मग ते बोलले. कंपनीला पुरुषाचा आवाज नको होता, म्हणून मी तो कापला आणि त्याच्या आधीची रिकामी जागा तशीच ठेवली. साहेबांना मी सांगितलं की ती जागा बघणाऱ्यासाठी आहे. ताई, ती भावोजींची होती. गेले दोन महिने ते दुसऱ्या कोणाला उत्तर देत नाहीयेत. स्वतःचीच कापलेली जागा भरतायत.

तू विचारलं होतंस, माझ्या धंद्यात खरं काय असतं. पाणी बादलीतलं, थेंब ग्लिसरीनचे, घर पुठ्ठ्याचं, तू म्हणालीस तसंच. त्या तीस सेकंदांत तेवढा एक प्रश्न खरा होता, आणि तो मी चोरलेला होता.

मूळ टेपवरून कॅसेट करून पाठवतोय. एकाच बाजूला आहे, दुसरी कोरी. यात उत्तर कापलेलं नाही.

धाकटा

---

१ मार्च

धाकट्या,

पाकीट मिळालं. पत्र वाचलं. कॅसेट कपाटात ठेवली आहे, ऐकलेली नाही.

आज जाहिरात लागली नाही. सहा माणसं गात होती. हे बातम्या संपेपर्यंत वाट बघत बसले होते.

सध्या काही लिहू नकोस.

---

२२ मार्च

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी तीन ओळी लिहितो. नव्या जाहिरातीत मी एक सेकंदही रिकामं ठेवू शकलो नाही. साहेब खूश आहेत. मला ती बघवत नाही.

रागाव, पण भावोजी कसे आहेत एवढं कळव. नुसतं "ठीक" एवढं कार्डावर लिहून टाकलंस तरी चालेल.

धाकटा

---

१४ एप्रिल

धाकट्या, तुला ताईचे आशीर्वाद.

कार्डावर मावणारं नव्हतं म्हणून उशीर झाला. राग होता. आता निवला आहे, दोनशेपेक्षा जास्त नामं लागली एवढंच.

मार्च महिना कसा गेला ते देवाला माहीत. संध्याकाळ झाली की हे टीव्हीकडे बघायचे आणि ती गाणारी मंडळी आली की डोळे मिटून घ्यायचे. तोंडातून शब्द नाही. पाणीही पुन्हा निम्मं टॉवेलवर जायला लागलं. मला वाटलं, गेलं. हातात आलेलं निसटलं.

तुझी कॅसेट मी लावत नव्हते, कारण मला भीती होती. ऐकली आणि ती मीच निघाले, तर मग ह्यांनी चार महिने माझ्याशी न बोलण्याचं कारण काय उरतं? दुसरी बाई होती तोपर्यंत दोष तिच्यावर तरी टाकता येत होता.

तुझं बावीस तारखेचं पत्र आलं त्या दुपारी कॅसेट घेऊन शिवणवालीकडे गेले. ती कापड आणायला निघाली होती, म्हणाली, "बसा निवांत, मशीनला तेवढा हात लावू नका." दार लावून घेतलं आणि लावली.

किती जाड आवाज आहे रे माझा. आणि किती घाई त्यात. मागे भांडं ठेवल्याचा आवाज येतो, ते पितळी पातेलं, मी ठणत्कारावरून ओळखलं. तेव्हा कुठे पटलं की मीच. मग ती शांतता. बूट घासल्याचा आवाज, नाडीशी ह्यांची पुटपुट. आणि मग ह्यांचा आवाज, आजारपणाआधीचा, भरलेला, जरा कुरकुरता. "दे."

मी पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकलं. रडले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहिण्याचं काम आपल्यात एकट्या तुझ्याकडे आहे.

घरी येऊन तुला पाठवलेल्या दहा वाक्यांची कच्ची यादी काढली, वहीच्या मागच्या पानावर होती. घ्या, उघडा, गिळा, वळा, उठा. दहाच्या दहा हुकूम. मग आठवून पाहिलं, झटका आल्यापासून मी ह्यांना एकदा तरी काही विचारलंय का? बोलत होते मी खूप. पण विचारलं काहीच नाही. उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते. पाण्याचं विचारायचं काम गजराकडे दिलं, आणि गजर वाजतो, तो थांबून ऐकत नाही. त्या टीव्हीतल्या बाईनं एकच केलं जे मी सोडून दिलं होतं, तिनं विचारलं आणि गप्प राहिली.

कॅसेट ह्यांना ऐकवली नाही. माणूस घरात असताना त्याला टेपवरून का विचारायचं?

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा गजर बंद केला. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, पेले मी मोजतेच. पाण्याची वेळ झाली की स्वयंपाकघरात जायचं, दिसणार नाही असं उभं राहायचं, पातेलं हातात घ्यायचं, कारण रिकाम्या हातानं मला तसं बोलता येत नव्हतं, आणि विचारायचं, "आलात का? पाणी देऊ?" कुठून आलात ते विचारू नकोस. ह्यांनाही तो प्रश्न पडला नाही.

पहिल्या दिवशी चार नामं घेतली. काही नाही. दहा घेतली. मग धीर सुटला आणि पेला घेऊन गेले. पोचते तर ह्यांचे ओठ हलत होते. शब्दाच्या आधी मीच पोचले होते.

माझ्या लक्षात यायला आणखी चार दिवस लागले. जाहिरात कधी येणार, प्रश्न कधी येणार, हे ह्यांना आधीपासून माहीत असायचं, शब्द तयार ठेवून बसायचे. माझा प्रश्न अवचित येतो. आता तो आत पोचायला वेळ लागतो, शब्द शोधायला वेळ लागतो, मग तो उचलून आणायचा. तुझी चार सेकंदं धडधाकट माणसाची आहेत, तीही नाडी अडकलेल्या.

म्हणून पाचव्या दिवशी मी पातेलं धरून दाराआड उभी राहिले आणि ठरवलं, आज हलायचं नाही. दहा झाली. वीस झाली. पाय निघत होता, तो मी दुसऱ्या पायानं दाबून धरला. तिसाव्या नामाला खुर्ची कुरकुरली. सदतिसाव्याला म्हणाले.

"दे."

टेपवरच्यासारखा नाही तो आवाज. अर्धा हवेचा, अर्धा शब्दाचा, शेवटाकडे घसरलेला. मी पेला घेऊन बाहेर आले तेव्हा हे टीव्हीकडे बघत नव्हते. टीव्ही बंदच होता. दाराकडे बघत होते.

आता दिवसातून चारदा-पाचदा येतं. कधी येत नाही. परवा मी विचारलं, "खिडकी उघडू?" पन्नासच्या वर मोजलं. मग डावा हात उचलून ह्यांनी नको असा हलवला. मला राग आला नाही, उलट आनंदच झाला. नको म्हणणारं माणूस घरात आहे.

तू न विचारता आवाज नेलास हे चुकलंच. मोठी बहीण म्हणून सांगते, पुन्हा कोणाच्या बुटांच्या फळीवर काही ठेवायचं असेल तर आधी घरातल्या बाईला सांग. ती पातेलं तरी जरा हळू ठेवेल. पण तू नेला नसतास तर तो प्रश्न माझ्याकडूनही हरवला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हा फिटंफाट.

कॅसेट परत पाठवत्येय. दुसरी बाजू कोरी होती, ती वाया घालवणं मला जमेना. शिवणवालीचा टेपरेकॉर्डर काल आणून बुटांच्या फळीवर ठेवला, ह्यांना आधी विचारून. सुरुवातीला माझा जाड आवाज आहे. मग बराच वेळ काही नाही, कॅसेट बिघडली असं वाटेल, तसं नाही. मागे बारीक पुटपुट येते, ती माझी नामं. त्यानंतर ह्यांचं उत्तर आहे.

तुझ्या त्या खोलीत बसून ऐक. आणि हात तसा सवयीचा आहे तुझा म्हणून सांगते, मधलं काही कापू नकोस.

तुझी
ताई